मागचं चाक सारखं आऊट होतंय: दोष चाकाचा की चालवणाऱ्याचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे ठाण्यात कासारवडवलीला राहतात, वजन ८४ किलो, मागे सस्पेन्शन नसलेली २९ इंची एमटीबी, म्हणजे डोंगरवाटांची सायकल, टायर सव्वादोन (२.२५) इंच रुंद, आत ट्यूब. दर रविवारी येऊरच्या डोंगरात. पाच महिन्यांत मागच्या चाकाचे चार स्पोक तुटले, दोनदा आऊट काढून, म्हणजे डुलणारं चाक सरळ करून घेतलं आणि आता रिमची कडही एका जागी चेपलीय. दुकानदार म्हणतो जाड रिमचं तयार चाक घाला. ग्रुपमधले म्हणतात, तू चालवतोसच आडदांडासारखी. खरं कुणाचं?

दोघांचंही थोडंथोडं बरोबर आहे. पण नवं चाक आत्ताच घेऊ नका. चालवणं तेच आणि हवा तीच राहिली तर नवं चाकही काही महिन्यांत याच वाटेने जाईल, फक्त महागात. मी बावीस वर्षं ठाण्यात चाकं बांधतोय आणि त्याच्या आधीपासून स्वतःची मोडतोय, त्यामुळे दोन्ही बाजूंचं सांगू शकतो.

आधी एक माणूस डोळ्यांसमोर आणा. सायकलवरून गॅस सिलिंडर पोचवणारा. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस, वर टाकीचं लोखंड, म्हणजे भरलेला एक नग तिशीच्या घरात. असे दोन-तीन नग मागे टांगून हा बाबा नौपाड्याच्या गल्ल्यांतून जातो. त्याची काळी दांडीवाली सायकल. पुढच्या चाकाला ३२ स्पोक, मागच्याला ४०. ज्याने कुणी ही वाटणी ठरवली त्याला मागच्या चाकावर काय येतं ते नीट ठाऊक होतं. असली सायकल माझ्याकडे वर्षातून फार तर एकदा आऊट काढायला येते. तुमच्या चाकावर तेवढं ओझं नाही, तुमची रिम दुहेरी भिंतीची, टायर त्याच्याहून कितीतरी रुंद. तरी चार स्पोक.

गतिरोधक आला की तो काय करतो ते एकदा उभं राहून बघा. वीस पावलं आधीच पायडल थांबवतो, वेग चालीवर आणतो, सीटवरून उठतो, हँडल सरळ धरतो आणि आधी पुढचं, मग मागचं चाक अलगद उतरवतो. कारण मागचं ओझं मेलेलं आहे. सिलिंडर काही गुडघे वाकवून धक्का पोटात घेणार नाही. म्हणून तो बिचारा वेगच मारून टाकतो. तुम्ही जिवंत ओझं आहात. तुम्हाला गुडघे आहेत, कोपर आहेत, दगड येतोय हे बघायला डोळे आहेत. पण तुम्ही लिहिलंय, ‘उतारावर शक्यतो बसूनच असतो, उभं राहिलं की तोल जाईल असं वाटतं.’ म्हणजे बसणं सिलिंडरचं आणि वेग माणसाचा. घोटाळा इथे आहे.

याचा एक ढोबळ हिशोब मांडतो. ३० सेंटिमीटरच्या पायरीवरून चाक खाली आलं आणि सगळं वजन थांबायला फक्त टायरचे ३ सेंटिमीटर मिळाले, तर चाकावर सरासरी वजनाच्या ११ पट जोर येतो. तेच वजन टायर, घोटे, गुडघे, कंबर मिळून ३० सेंटिमीटरमध्ये थांबलं, तर जोर वजनाच्या फक्त दुप्पट. हे आकडे कागदावरचे. प्रत्यक्षात फ्रेम लवते, माती दबते, सीट थोडी देते. पण अकरा आणि दोन यांतलं अंतर रिमच्या जाडीने भरून निघणारं नाही, एवढं मात्र नक्की.

आता तुमचं चाक काय म्हणतंय ते बघू. तुटलेला स्पोक दुकानात टाकून देऊ नका, तो कुठे तुटलाय ते बघा. हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) भोकात जिथे तो वाकतो तिथे तुटला असेल तर तो थकून तुटलाय, म्हणजे ताण कमी होता किंवा असमान होता. निपलपाशी (स्पोकला रिममध्ये धरणाऱ्या नटापाशी), आट्यांवर तुटला असेल तर स्पोक निपलमधून तिरका निघतोय. उजव्या बाजूचे स्पोक कॅसेटच्या (मागच्या गिअर-चकत्यांच्या) मागे खरवडल्यासारखे दिसत असतील तर चेन कधीतरी मोठ्या चकतीच्या पलीकडे पडलीय. तिथे चालवण्याचा दोष नाही, मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) किंवा तो ज्यावर टांगलेला असतो तो हँगर वाकलाय. रिमच्या भोकांभोवती बारीक चिरा असतील तर कुणीतरी पाना जरा जास्तच फिरवलाय. रिमची कड चेपली असेल तर हवा कमी आणि दगड समोरून. आणि रिम लाटेसारखी डावी-उजवी गेली असेल तर चाकाला बाजूने मार बसलाय, बहुतेक वेळा हँडल वळलेलं असताना किंवा सायकल तिरकी उतरल्यामुळे.

तुमच्या चारांपैकी दोन स्पोक म्हणे मानपाड्याच्या आसपास ‘काही कारण नसताना’, साध्या रस्त्यावर तुटले. ते तसेच तुटतात. २९ इंची चाकाचा घेर साधारण २.३ मीटर, म्हणजे किलोमीटरला सव्वाचारशेहून जास्त फेरे. प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक स्पोक एकदा जमिनीकडे येतो आणि तिथे त्याचा ताण उतरतो. लोकांना वाटतं आपण वरच्या स्पोकना टांगलेले आहोत, आणि ताण वर वाढतो. मोजलं तर फरक जवळपास सगळा खालच्या मोजक्या स्पोकमध्ये दिसतो, आणि तो फरक सैल पडण्याचा असतो. चाळीस किलोमीटरचा रविवार धरला तर एकेका स्पोकच्या वाट्याला सतरा हजार वेळा सैल-घट्ट, सैल-घट्ट. मुळात ताण भरपूर असेल तर उतरूनही थोडा शिल्लक राहतो आणि स्पोक वर्षानुवर्षं टिकतो. मुळात ढिला असेल तर तो प्रत्येक खड्ड्यात पुरता सुटतो, हबच्या भोकात हलतो आणि पुन्हा झटक्याने ताणला जातो. तार हातात धरून पुढे-मागे वाकवली की कशी तुटते, तसंच. दगडाने त्याला येऊरमध्ये अर्धमेलं केलं आणि त्याने प्राण सोडला मानपाड्याला.

मागच्या चाकात डावीकडचे स्पोक जन्मतःच दुबळे असतात. उजवीकडे कॅसेटला जागा द्यायची म्हणून हबची उजवी कड मध्याकडे सरकलेली असते. रिम मधोमध राहायची तर उजवीकडे ताण जास्त, डावीकडे कमी. डावीकडचे निपल आधी सुटू लागतात ते त्यामुळे. सायकल उलटी करा, एकाच बाजूचे स्पोक एकामागून एक बोटाने छेडत जा. एकसारखा सूर यायला हवा. मधेच एखादा ‘टण्’ऐवजी ‘थप्’ बोलला की तोच आजारी. याला तंबोऱ्याचा कान लागत नाही, पोरंसुद्धा ओळखतात.

तर पहिलं काम: चाक एकदा नीट ताणून घ्या. नुसतं ‘आऊट काढून द्या’ म्हणालात तर जिथे वाकडं आहे तिथला एक स्पोक ओढून, शेजारचा सोडून मोकळे होतील. चाक सरळ दिसेल, ताण मात्र सगळा विस्कटलेला असेल, आणि पुन्हा दोन महिन्यांत तुम्ही तिथेच. तुमचं तेच झालेलं दिसतंय. चार तुटलेत, म्हणजे बाकीचेही त्याच वयाचे आणि तेवढेच थकलेले आहेत. मी तर सरळ सगळे स्पोक नवे घालून तीच रिम बांधायला सांगेन. चेपलेली कड टायर नीट धरत असेल तर ती रिम अजून चालेल. ताणल्यावर शंभर-दीडशे किलोमीटरनी पुन्हा एकदा दाखवायचं. नवे स्पोक जागेवर बसताना थोडे ढिले पडतातच.

दुसरं, हवा. कोपऱ्यावर टायर अंगठ्याने दाबून ‘झाली बघा’ म्हणतात ते आपल्या उपयोगाचं नाही. गेजवाला पंप घरी हवाच. तुमच्या वजनाला, ट्यूब असलेल्या २.२५ टायरला, मागे ३२ आणि पुढे २८ पीएसआयपासून (हवेच्या दाबाचं माप, गेजवर दिसतं) सुरुवात करा. एखाद्या रविवारी दगडावर रिमचा ‘टक्’ असा कोरडा आवाज आला, किंवा ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं पडली, तर दोन पीएसआय वाढवा. सायकल खडीवर टणाटण उडायला लागली तर एक-दोन कमी करा. जास्त हवेने रिम वाचते हे अर्धंच खरं आहे; कड वाचते, पण दगडासारख्या टायरमधून धक्का थेट स्पोकवर जातो. आपल्याकडचा दगड काळा बसाल्ट, फुटला की त्याच्या कडा धारदार राहतात. येऊरला काय आणि खारघरच्या डोंगरावर फणसवाडी-चाफेवाडीकडे काय, गोल गोटे कमी आणि टोकदार तुकडे जास्त. परदेशी व्हिडिओत मऊ मातीवर चालवणारे जे आकडे सांगतात, ते इथे आहेत तसे उचलू नका.

एवढं झालं की मग चालवण्याकडे वळू, कारण खरी दुरुस्ती तिथली आहे.

उभं राहण्यापासून सुरुवात. दोन्ही पायडल जमिनीला समांतर, टाच किंचित खाली, गुडघे सैल आणि थोडे फाकलेले, कोपर बाहेर. सगळं वजन तळपायांवर, हातांवर फक्त स्टिअरिंगपुरतं. सीट मांड्यांच्या मधे मोकळी हलली पाहिजे. तुमची सीट चढाच्या उंचीला असते, त्यामुळे उतारावर उठलं की ती खाली टोचते आणि तोल जातोय असं वाटतं. उतार लागायच्या आधी थांबून ती पाच-सात सेंटिमीटर खाली करा, एवढ्याने निम्मी भीती जाईल.

इथे एक चूक जवळजवळ सगळे करतात, मीही केली. ‘उतारावर मागे सरका’ असं कुणीतरी सांगतं, आणि माणूस सीटच्या मागे पार टायरवर लोंबकळतो. एका श्रावणात मी असाच लोंबकळत ओल्या उतारावरून येत होतो. हात ताठ, ढुंगण मागच्या टायरला टेकायच्या बेतात, आपण फार पोचलेले आहोत असा समज. वाटेत पावसाने कापलेला ओघळ आडवा होता. पुढचं चाक हलकं असल्यामुळे ते ओघळात गेलं आणि आपल्या मर्जीने वळलं. मागचं, माझं अख्खं वजन घेऊन, तिरकं आदळलं. आवाज आला तो धातूचा नव्हता, लाकूड पिचल्यासारखा होता. उठून बघतो तर चाकाचा पापड. सायकल खांद्यावर घेऊन उपवन तलावापर्यंत उतरलो. टपरीवाल्याने चहा देताना चाकाकडे बघून विचारलं, ‘तळलेला की भाजलेला?’ तेव्हापासून मी लोकांना ‘मागे सरका’ म्हणत नाही. वजन पायडलांवर ठेवा, कमरेतून वाका, हनुवटी हँडलच्या जरा मागे. उतार जितका तीव्र तितकी सायकल तुमच्या खाली पुढे झुकते; तुम्ही तळपायांवरच असता.

दुसरी गोष्ट नजर. वीसच्या वेगाला तुम्ही सेकंदाला साडेपाच मीटर जाता. चाकासमोरचा दगड दिसला तेव्हा तो आलेलाच असतो. दहा-बारा मीटर पुढे बघा, वाट तिथे निवडा आणि निवडली की तिच्याकडेच बघा. ज्या दगडाला घाबरून डोळे त्याला चिकटतात, त्यावरच चाक जातं. गर्दीत ज्याला टाळायचं तोच नेमका समोर येतो, तसं.

मग ब्रेक. याचा स्पोकशी काय संबंध असं लोकांना वाटतं. फिरतं चाक दगडावर चढतं, अडवलेलं चाक त्याच्यावर आपटतं. ब्रेक दाबलेला असताना पुढचं सस्पेन्शन आधीच अर्धं खाली गेलेलं असतं, धक्का प्यायला त्यात जागाच उरत नाही. मागचा ब्रेक गच्च लावून घसरत जाणाऱ्याचं चाक तर बाजूनेही फटके खातं. म्हणून ब्रेक दगडाच्या आधी. हवा तेवढा वेग मारून घ्या, दगडावर बोटं सोडा, पलीकडे हवं तर पुन्हा धरा. वेग किती मारायचा? विसावरून अठ्ठावीसवर गेलात की आदळण्याची ताकद जवळपास दुप्पट होते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. उतारावर ‘थोडासाच तर वाढवला’ म्हणताना हे ध्यानात असू द्या.

आणि आता ज्यासाठी एवढं लांबण लावलं ते: हलकं होणं. वजनकाट्यावर उभं राहून पटकन गुडघे वाकवा. काटा क्षणभर खाली जातो, मग वर उसळतो. तुमचं वजन बदललेलं नाही, पण काट्याला ते क्षणभर कमी वाटलं. दगडाच्या वेळी चाकाला तेच वाटायला हवं. दगडाच्या जरा आधी पायांनी सायकल खाली दाबा, लगेच अंग वर येऊ द्या, आणि पुढचं चाक दगडावर असताना हात वाकून त्याला वर येऊ द्या. मग हात पुढे ढकलले जातात, कंबर पुढे सरकते, आणि मागचं चाक दगडाशी पोचतं तेव्हा तिथे जवळपास कुणीच नसतं. मागचं चाक वाचतं ते या शेवटच्या सरकण्याने. बहुतेक लोक पुढचं चाक व्यवस्थित उचलतात, ‘गेलं बाबा’ म्हणून सुस्कारा टाकतात आणि सुस्काऱ्याबरोबर सीटवर बसतात. नेमकं तेव्हाच मागचं चाक दगडावर येतं. तुमच्या रिमची चेपलेली कड ही अशाच एका सुस्काऱ्याची असणार, पैज लावायला तयार आहे.

दोन चाकांच्या मध्ये साधारण सव्वा मीटरच्या आतलं अंतर. पंधराच्या वेगाला पुढच्यानंतर मागचं चाक पाव सेकंदाने तिथे पोचतं. पाव सेकंदात ‘आता कंबर पुढे’ असा विचार होत नाही. म्हणून ही दोन वेगळी कामं म्हणून शिकू नका, एकच लाट म्हणून शिका: दाब, वर, पुढे.

सराव येऊरला करू नका. सोसायटीच्या आवारात, सकाळी सहाला, गाड्या निघायच्या आत. गतिरोधक घ्या, वेग दहा-बारा. पहिल्या दिवशी काहीच करायचं नाही, फक्त ऐकायचं. बसून गेलात की ‘धप्प, धप्प’ असे दोन आवाज येतात आणि दुसरा मोठा असतो. आता उभं राहून, गुडघे सैल सोडून जा. पहिला आवाज बारीक होईल. दुसरा पहिल्याहून बारीक व्हायला मला स्वतःला तीन आठवडे लागले होते, तुम्हाला कमी लागू देत. मग टपरीवरचा कागदी चहाचा कप रस्त्यात उभा ठेवा आणि त्यावरून आधी पुढचं चाक न्या. जमलं की मागचंही. कप चपटा झाला तर चाकाला मार बसला असता, उभा राहिला तर वाचलात. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाने पहिल्या दिवशी सतरा कप चिरडले आणि टपरीवाल्याने सतरा कपांचे पैसे घेतले. चवथ्या रविवारी त्याचा एकही कप मोडला नाही, आणि तेव्हापासून त्याच्या चाकाला मी हात लावलेला नाही. साधे चपटे पायडल वापरा. बूट अडकवायचे पायडल असले की मागचं चाक पायाने ओढून उचलता येतं आणि अंगाची लाट शिकायची राहूनच जाते.

फुटपाथच्या कडेवरून उतरण्याचाही सराव करा, पण सरळ. चाक वरून येणारा भार भरपूर सोसतं, बाजूने येणारा अजिबात नाही. हँडल वळलेलं असताना, किंवा सायकल झुकवून वळणावर असताना आदळणं म्हणजे पापडाला आमंत्रण. आदळायचंच असेल तर हँडल सरळ, सायकल उभी, दोन्ही चाकं जवळपास एकदम. वळणात दगड दिसला तर वळण दगडाच्या आधी पुरं करा किंवा नंतर सुरू करा. वळणातच त्याच्यावर जाऊ नका.

चढाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. जड गिअर लावून, उभं राहून, सायकल डावी-उजवी हलवत चढू नका. हलका गिअर, बसून, पाय जलद. चढावर बसलात तर माझी काही तक्रार नाही.

आता तुम्हाला कदाचित आवडणार नाही असं. तुमचं चाक येऊरमध्ये जेवढं बिघडतंय त्याहून जास्त घोडबंदर रोडवर बिघडतंय. येऊरला तुम्ही निदान जपून असता. रस्त्यावर मात्र कानात गाणी, बूड सीटवर, वेग सव्वीस-अठ्ठावीस, शेजारी ट्रक. त्यात खड्डा, वर आलेला पेव्हर ब्लॉक, गटाराच्या झाकणाची खोल बसलेली कड, मेट्रोच्या कामाजवळ सोडलेली खडी. दर रविवारी जाऊन-येऊन हे होतं आणि तिथे तुम्ही पुरते सिलिंडर असता. जूनपासून पाण्याने भरलेले खड्डे; तळ दिसत नसेल तर आत दगड आहे असंच धरून चाला. ट्रक शेजारी असताना खड्डा चुकवायला आत घुसू नका. वेग कमी करा, पायडल समांतर, ढुंगण उचला आणि सरळ जा. चाक नवं मिळतं. पाम बीच रोडवर सकाळी जाणारे मित्र तुम्हाला सांगतील की त्यांचं चाक वर्षभर हललंही नाही. त्यांचा रस्ता सपाट आहे, त्यांचं ऐकू नका.

येऊरचं एक जाता जाता. तिथलं रान संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं आहे. तंत्र सुधारलं म्हणून पायवाटा सोडून रानात घुसायचं, किंवा पहाटे अंधारात एकट्याने जायचं, असं करू नका. बिबट्याला तुमच्या कोपरांचा कोन कळत नाही. वनखात्याच्या चौकीवर जी वेळ आणि जी हद्द सांगतील तेवढ्यातच भरपूर दगड आहेत.

वाटेत स्पोक तुटलाच तर तो शेजारच्या स्पोकला गुंडाळा, म्हणजे डिरेलरमध्ये अडकणार नाही. डिस्क ब्रेक असतील तर रिम थोडी डुलली तरी घरी येता येतं. हळू चालवा, वजन पुढे ठेवा. दुसराही तुटला तर उतरा आणि रिक्षा बघा. सायकल घ्यायला चारातला एक रिक्षावाला तयार होतो, वीस-तीस रुपये जास्त कबूल केले की दुसराही.

जाड रिमचं चाक कधी घ्यायचं? वर सांगितल्याप्रमाणे बांधून, हवा मोजून, दोन-तीन महिने कपावर सराव करूनही कड चेपत राहिली तर नक्की घ्या. तुमच्या वजनाला आणि इथल्या दगडाला ३२ स्पोकची चांगली दुहेरी रिम पुरते. त्याहून कमी स्पोकची हलकी, दिखाऊ चाकं दुकानात छान दिसतात, तिथेच राहू द्या.

तुमच्याकडे तुटलेल्या स्पोकचे दोन तुकडे अजून आहेत असं लिहिलंय. ते हबजवळच्या वाकावर तुटलेत की आट्यांवर, आणि डाव्या बाजूचे होते की उजव्या, एवढं बघून कळवा. डावीकडचे आणि वाकावर तुटलेले निघाले तर वर सांगितलेलं जसंच्या तसं लागू आहे. उजवीकडचे असून खरवडलेले निघाले, तर आधी डिरेलरचा हँगर सरळ करून घ्या, कप नंतर आणा.